चार नंबरवरचा साहेब

६ जानेवारी, सोमवार

आज पुन्हा नवनाथनं हात उचलला. रुबीनाच्या पाठीत गुद्दा घातला. का, तर पत्रा तिरका लागला! फोरमन आहे का रेडा? मी पाना उचलला तसा मागं सरला. म्हणाला, "तुझ्या भावावानी बोटं घालवून बसशील."

गणराजची तीन बोटं पत्रा दाबायच्या चार नंबरच्या प्रेसनं खाल्ली, दिवाळीच्या तोंडावर. त्या प्रेसला सेन्सर आहे — हात आत असला की ती थांबते. थांबली की माल कमी निघतो, म्हणून नवनाथनं सेन्सर बंदच ठेवलाय. कंपनीनं ठरवलं काय, तर कामगाराचा निष्काळजीपणा! माझा भाऊ कुरुळीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीत भिंतीकडं बघत बसतो. एक दिवस मी कुणाचा तरी जीव घेणार.

७ जानेवारी

कॅमेरेवाले आलेत. म्हणे नव्या कामगारांच्या ट्रेनिंगवर फिल्म काढायचीय. नवे दोघं. टकलू दत्तूमामा, स्क्रॅप उचलायला. आणि ज्योतीराम, माझ्या लाईनला. नव्यांना शिकवायचं गाडं माझ्याच गळ्यात ना!

याचे हात लोण्यासारखे. बोलणं पुस्तकातलं. "ताई, कृपया पुन्हा दाखवता का?" कृपया! प्रेस शॉपमध्ये!

जेवताना रुबीना कानाशी लागली. "विजू, मालक आहे हा! टीव्हीवर नाही का दाखवत — मालक वेष बदलून कामगारांत शिरतो, शेवटी रडतो, सगळं ठीक करतो."

मला पटलं. आम्ही कुठं मालकाला कधी पाहिलंय? तो मुंबईला असतो.

९ जानेवारी

सगळ्या शॉपला कळलंय. एक नवनाथ सोडून! ज्योतीरामला कुणी जड पेटी उचलू देत नाही. रुबीनानं त्याच्यासाठी बिर्याणी आणली. मी मुद्दाम "साहेब, चहा?" म्हटलं. थबकला. पण ‘मी साहेब नाही’ असं काही म्हणाला नाही.

१० जानेवारी

नवनाथनं ज्योतीरामच्या थोबाडीत मारली. चष्मा उडाला. वर कंबरेत लाथ. "मास्तर हाय का रे तू? हात चालव!"

एरवी मी मध्ये पडले असते. आज नाही पडले. आतून उकळ्या फुटत होत्या — मार, अजून मार! मालकालाच मारतोयस, भडव्या! त्याचा ओठ फुटला. दत्तूमामानं तेवढा चष्मा उचलून दिला.

खोलीवर गणराजला सांगितलं. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसला. "ताई, त्याला चार नंबर दाखव."

११ जानेवारी

दाखवला.

नव्या माणसाला चार नंबर कुणी देत नाही. मी दिला. कॅमेरा समोरच होता. त्यानं वर बघितलं — सेन्सरचा दिवा बंद. मग माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "चालवा साहेब, आम्ही रोज चालवतो." वाटलं घाबरेल, ओरडेल, मशीन बंद करायला लावेल. एवढंच हवं होतं मला!

त्यानं चालवली. पत्रा अडकला. सोडवायला हात घातला, पाय पेडलवर तसाच.

आवाज गणराजच्या वेळचाच. चारही बोटं गेली. रक्त माझ्या तोंडावर उडालं. मी ओढणी काढून त्याच्या मनगटाला करकचून बांधली. तो ओरडलासुद्धा नाही. "माफ करा, माफ करा" एवढंच. नवनाथ म्हणाला, "ह्याचीच चूक हाय." मी पाना फेकून मारला. त्याचं कपाळ फुटलं. अजून मारणार होते, चौघांनी धरलं मला.

१२ जानेवारी

दवाखान्यात गेले. बाहेर बाकड्यावर एक बाई, मांडीवर पिशवी. त्याची बायको, हिंगोलीहून आलेली. तो खरंच मास्तर होता. विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षं बिनपगारी राबला. शाळा बंद पडली म्हणून चाकणला आला.

मालक नाही. कुणीच नाही. देवा, काय करून बसले मी!

१८ जानेवारी

मालक दत्तूमामा निघाला.

कंपनीत मांडव घातला. सूट घालून आला, कॅमेऱ्यासमोर रडला. नवनाथला काढलं म्हणाला. मला शाल दिली — जखमी सहकाऱ्याचा जीव वाचवला म्हणून! टाळ्या काय, शिट्ट्या काय.

रोज त्याच मशीनखालचा स्क्रॅप उचलत होता हा. बंद दिवा त्याला दिसत नव्हता? विचारलं तोंडावर. म्हणाला, "शूटिंग संपेपर्यंत मला ओळख देता येत नव्हती."

शाल त्याच्या तोंडावर फेकली. पण मी तरी काय वेगळं केलं? दिवा मलाही दिसत होता.

२० जानेवारी

ज्योतीरामच्या बायकोला सगळं सांगून टाकलं. तिनं मला चपलेनं मारलं, दवाखान्याच्या दारात, सगळ्यांदेखत. मी हात वर केला नाही.

दमली तेव्हा खाली बसली. म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं, तुम्ही मालक समजताव ते. फोनवर हसून सांगायचे. म्हणायचे, चार दिवस तर साहेब राहू दे मला." मग म्हणाली, "मी इचारलं, दिवा बंद दिसत होता तर बसलाव कशाला मशीनवर? तर म्हणले, ती ताई मला ‘साहेब’ म्हणली ना."