नऊ काठ्या, लाल चिंध्या

४ एप्रिल
संशोधनवाल्या मॅडमनी मेंढ्यांच्या नोंदीला दोन वह्या दिल्या. एक त्यांची, ही माझी. ही कोणी वाचायची नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्कल त्यानंतर आली.
शेताचे चार भाग केलेत. मेंढ्या एकात चरतात, बाकीच्यांत गवत वाढतं. ओढ्याकडचा भाग पूर्ण बंद, तिथे टिटव्या जमिनीवर अंडी घालतात. पिल्लं निघाली तर या प्रयोगाला पुढची तीन वर्षं निधी. नाही तर फाइल बंद, आणि मुलगा म्हणतो, शेत गोदाम बांधणाऱ्याला विकायचं.
म्हटलं, पिल्लं मी काढून दाखवते. म्हणाला, आई, तू बसणार आहेस का अंड्यांवर? मेल्याला माझंच तोंड आलंय.

७ एप्रिल
मॅडमना दुर्बिणीतून तीन घरटी दिसली. मला नुसत्या डोळ्यांनी नऊ. कुंपणाच्या खांबाला आपोआप फोटो काढणारा डबा बांधून त्या शहरात गेल्या. जाताना म्हणाल्या, आजी, घरट्यांजवळ जाऊ नका हं. हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

८ एप्रिल, सकाळ
युक्ती! प्रत्येक घरट्याशेजारी काठी, वर लाल चिंधी. मॅडमना शोधायला सोपं. मुलाचा जुना शर्ट फाडला. सून म्हणाली, तो जुना नव्हता.

१२ एप्रिल
दोन घरटी रिकामी. कोल्हा, दुसरं कोण? कावळ्यांची एक जोडी मात्र रोज काठ्यांवर येऊन बसते. राखण करतात बिचारे. शिळा तुकडा टाकला.

१५ एप्रिल
आणखी तीन गेली. कोल्हा बुजावा म्हणून चिंध्या मोठ्या केल्या. निश्चय: रोज दोनदा प्रत्येक घरट्याशी जाऊन उभं राहायचं. टिटव्या डोक्यावर कोकलतात. उपकाराची जाण नाही.

१९ एप्रिल
एकच उरलं. शेजारणीच्या मांजरीवर माझा संशय आहे. शेजारणीवरही आहे. मॅडमचा फोन आला, सगळं ठीक ना? म्हटलं, उत्तम. एका घरट्यातही चार पिल्लं निघतात. चार म्हणजे कमी नव्हेत.

२३ एप्रिल
शेवटच्या घरट्याशेजारी स्टूल टाकून, छत्री घेऊन सकाळपासून बसले. टिटवी लांबूनच ओरडत राहिली, अंड्यांवर काही आली नाही. आळशी. मुलगा बांधावर येऊन बघून गेला. 
दुपारी जेवायला उठले. दहा मिनिटं, फार तर पंधरा. परत आले तर टरफलं.

२६ एप्रिल
मॅडम निधीवाल्या दोन साहेबांना घेऊन आल्या. डब्यातले फोटो स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले. पहिल्यात मी, काठी रोवताना. दुसऱ्यात काठीवर कावळा. तिसऱ्यात त्याच्या चोचीत अंडं. असं नऊ घरट्यांचं. चिंधी दिसली की तिथे अंडी, हे कावळ्यांना दोन दिवसांत कळलं होतं. एका फोटोत मी तुकडा टाकतेय.
म्हटलं, शर्ट निळा असता तर असं झालं नसतं. कोणी हसलं नाही.
साहेबांचा चहा तसाच राहिला. मॅडम एवढंच म्हणाल्या, आजी, दोन वर्षांचं काम होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मलाही बोलता आलं असतं.

३० एप्रिल
गोदामवाला मोजणीची टेप घेऊन आला. कोपऱ्यांना खुणेसाठी काही आहे का, म्हणाला. मुलाने माझ्या चार काठ्या नेऊन दिल्या, चिंध्यांसकट. माझ्याकडे बघितलंही नाही.
रोवून होतात न होतात तोच कावळ्यांची जोडी आली. चारही काठ्यांच्या बुडाशी चालत जाऊन शोधून आली. काही मिळालं नाही. मग माझ्या पायाशी येऊन उभी राहिली.
आज तुकडा टाकला नाही.