बारा वीस, पण कुठले?

आ कोरुन्या,
शुक्रवार, १८ ऑक्टोबर २०१३, दुपार

उशिया,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे सरळ चुलीजवळच्या लाकडांवर टाकलं असशील, तर कृपा करून उचल. नोकरी सुटली म्हणून लिहिलेलं नाही. मी बरा आहे, खोकला गेला, जेवतोही वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे, छपराचा कोपरा अजून गळतो का, हे विचारायचा हक्क मला उरलाय की नाही ठाऊक नाही, पण विचारून ठेवतो. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. कागद एकदा दाराखालून आत आला की त्याला परत पाठवता येत नाही.

आधी बातमी, कारण ती माझ्या पोटात मावत नाहीये. अगं, काल मी एक नियम अडवला! जगभरच्या ब्राउझरांचा नियम. साठ माणसं बसली होती, निम्मी डॉक्टरेट केलेली, आणि तुझा हा बारावी नापास भाऊ उभा राहून म्हणाला, "माझा विरोध आहे." आणि थांबलं ना सगळं!

मी इथे पोचलो कसा ते तुला माहीत नाही. गावातून निघाल्यावर तीन आठवडे शिणाणे नावाचे शिंपले वाढवतात त्या तराफ्यांवर काम केलं. मग पोर्तुगालात एका वसतिगृहात चादरी धुतल्या. इंग्रजी तिथे शिकलो, फळ्या घेऊन लाटांवर जाणाऱ्या पोरांकडून, त्यामुळे माझ्या इंग्रजीत निम्म्या शिव्या आहेत. मग इथे एका बेकरीत लागलो. जुलैमध्ये एकदा ट्यूना भरलेली मोठी एंपानादा घेऊन एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गेलो, तर आत दोघं भांडत होते, आणि तेही कशावरून? घड्याळावरून!

ती चाळीस जणांची सहकारी मंडळी आहे. ब्राउझरच्या पोटातलं यंत्र बनवतात. मालक कोणी नाही, मत सगळ्यांना एकेक. भांडणाऱ्यांतला एक आमारो. पन्नाशीचा, टक्कल, बाराही महिने लोकरीचं जाकीट. तो ओरडत होता, "पानावर वेळ लिहिलीय, गाव लिहिलेलं नाही! मग ती वेळ कुठली धरायची? इथली की ग्रिनिचची?"

मी दारातून म्हणालो, "जो लिहितो त्याच्या भिंतीवरच्या घड्याळातली. आमची बहीण ओहोटीची वेळ लिहिते तेव्हा ग्रिनिचला फोन करत बसत नाही."

आमारो हसला. "या पोराला एंपानादासकट आत घ्या."

खरंच घेतलं. सहा महिन्यांची उमेदवारी. मी सांगितलं, मला शाळेतलं काही येत नाही, फक्त बहिणीचं एक पान उघडून आत काय आहे ते बघत बघत शिकलोय. आमारो म्हणाला, "इथे सगळे असेच शिकलेत, नंतर पदव्या चिकटवल्यात."

माझं काम पानं मोडण्याचं. म्हणजे नव्या ब्राउझरात जगातली जुनीपानी पानं उघडायची आणि काय काय मोडतंय ते लिहून द्यायचं. कोणा शिंप्याचं, कोणा मधमाश्या पाळणाऱ्याचं, दोन हजार दोन साली बंद पडलेल्या फुटबॉल संघाचं. उशिया, लोक काय काय लिहून ठेवतात! एकाने आपल्या बागेतल्या प्रत्येक लिंबाचं वजन लिहिलंय. मी त्यात तासभर हरवलो, आमारोने कागदाचा बोळा फेकून मारला.

असो. सप्टेंबरात मी माझी पहिली दुरुस्ती केली. तेच भांडण. प्रोग्रॅमिंगच्या भाषेची जी नियमावली आहे तिच्यात लिहिलंय की गाव न सांगितलेली वेळ ग्रिनिचची धरावी. आमचं यंत्र ती इथलीच धरत होतं. नियमाप्रमाणे चूक! आणि नियम वाचायला नुकताच शिकलेला माणूस फार कडक असतो. एंपानादा हातात असताना बोललेलं सगळं मी विसरलो आणि दोन रात्री बसून ती चूक काढून टाकली. नियमावली सांभाळणारी हिल्डेगुन म्हणून एक नॉर्वेची बाई आहे, तिने पत्र पाठवलं, "काम स्वच्छ आहे." ते पत्र मी पाकिटात घेऊन फिरायचो. येत्या सोमवारी ती दुरुस्ती सगळीकडे जाणार होती, लाखो फोनांत.

मंगळवारी मी तुझं पान उघडलं.

इथे एक सांगतो. तुझं पान मी रोज उघडतो. कामासाठी नाही. सकाळी उठलो की आधी ते. खालचं वाळूचं चित्र, वरती तो भयंकर जांभळा रंग, मध्ये वाळूतले शिंपले, तिसऱ्या, काढायला उतरायची वेळ आणि बाहेर यायची वेळ. वेळा बदललेल्या दिसल्या की कळतं, तू उठलीस. मंगळवारी गंमत म्हणून नव्या ब्राउझरात उघडलं. गुरुवारची बाहेर यायची वेळ तू लिहिली होतीस बारा वीस. दिसत होतं दोन वीस.

ब्राउझरने तुझे बारा वीस ग्रिनिचचे धरले आणि वर उन्हाळ्याचे दोन तास चढवले. नियमाप्रमाणे. माझ्या दुरुस्तीप्रमाणे.

दोन वीसला त्या वाळूच्या दांड्यावर कमरेएवढं पाणी असतं. तुला कोणता दिवस आठवला असेल ते मला माहीत आहे. थांब. येतो तिकडे. आधी सभेचं ऐक, नाहीतर मला पुढचं लिहिता येणार नाही.

सभा या वेळी आमच्याकडे होती, बंदराजवळच्या सभागृहात. ब्राउझर बनवणारे सगळे येतात, एकमेकांच्या पोटावर पाय देणारे, आणि एका टेबलावर बसतात. अध्यक्ष कितामुराबाई, जपानच्या, आवाज इतका हळू की भांडणारे ऐकायसाठी गप्प होतात. तिथे मतदान नसतं. सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं. एकाने कारण देऊन विरोध केला तरी गाडं थांबतं. पण कारण पाहिजे, नुसतं "मला आवडत नाही" चालत नाही. आणि जो जे बोलेल ते एक माणूस टाइप करत जातो, ते मागच्या भिंतीवर सगळ्यांना दिसतं, आणि सोमवारी जगासाठी खुलं होतं.

पहिल्या दिवशी आमारो आणि हिल्डेगुन नुसते पेटले होते. मला तर सर्कशीत बसल्यासारखं वाटत होतं!

आमारो म्हणाला, "बाई, चूक दहा वर्षं टिकली की तिला नोकरीत कायम करावं लागतं. लोकांनी तिच्यावर घरं बांधलीत."

"म्हणून प्रत्येक चुकीला खुर्ची द्यायची?" हिल्डेगुन म्हणाली. "उद्या एखाद्या पोरीने नियमावली वाचून नवा ब्राउझर बनवला, तर तुमच्या जुन्या चुका तिला काय स्वप्नात दिसणार आहेत?"

"पान मोडलं तर माणूस पानाला शिव्या देत नाही, ब्राउझरला देतो."

"आत्ताच मोडलंय, आमारो! तुमच्यात एक वेळ दिसते, शेजारच्या ब्राउझरात दुसरी. एकाच घरात दोन फोन, दोन वेळा. त्यातली खरी कुठली?"

हे तिचं बरोबर होतं, उशिया. मला ती आवडते. जेवताना तिने ऑक्टोपसवर एवढं तिखट टाकून घेतलं की वाढपी घाबरला, आणि डोळ्यांतून पाणी येत असताना पण नियम क्रमांक सांगत होती.

काल दुपारी कितामुराबाईंनी विचारलं, "मग ग्रिनिच कायम? कोणाचा विरोध?" आणि मी उठलो. तुझं पान दाखवलं. जांभळा रंग भिंतभर पसरला, लोक हसले. मी बारा वीस आणि दोन वीस दाखवले.

हिल्डेगुन माझ्याकडे बघून म्हणाली, "शियान, दुरुस्ती तर तुझीच आहे."

"हो. म्हणून तर."

"पान त्या बाईंना दुरुस्त करता येईल. वेळेपुढे गावाचं नाव लिहायचं, झालं. एका पानासाठी नियम अडवायचा?"

"अशी किती असतील? ज्यांनी लिहिली ती माणसं कुठे आहेत हेसुद्धा आपल्याला माहीत नाही."

मग कितामुराबाई त्यांच्या हळू आवाजात म्हणाल्या, "चुकीच्या तासामुळे कोणाला खरंच इजा झाल्याचं तुम्हाला माहीत आहे का? की ही भीती आहे? भीती असेल तर तसं लिहू."

सगळे माझ्याकडे बघत होते. टाइप करणाऱ्याची बोटं थांबली होती. मला "भीती आहे" म्हणून खाली बसता आलं असतं.

मी सांगितलं.

दहा एप्रिल. आता लिहितोच. मार्चअखेर घड्याळं पुढे गेली, तेव्हा तू दर वेळी भरती-ओहोटीच्या कोष्टकातल्या ग्रिनिचच्या वेळांत हाताने तास मिळवत बसतेस ते बघून मी तुझ्या पानाच्या आत एक ओळ घातली. आपोआप तास मिळवणारी. तुला न विचारता. तुला चकित करायचं होतं मला. तुझे तास आधीच मिळवून झाले होते, त्यावर माझा आणखी एक चढला. मधले दिवस कोणी वाळूवर गेलं नाही, आणि उधाणानंतरची पहिली खेप दहा तारखेला निघाली. धुकं होतं, पाणी दिसत नव्हतं. साडेबाराला बाहेर यायचं, पान म्हणत होतं दीड. बाकीच्या बायका कंटाळून आधीच परतल्या. दोरिंडामावशी एकटी पलीकडच्या दांड्यावर राहिली, कारण ती म्हणायची, उशियाचं पान कधी चुकत नाही. रबरी विजारीत पाणी भरलेलं असताना तिला बोटीत ओढून घेतली. त्यानंतर ती वाळूवर उतरली नाही.

मी त्याच संध्याकाळी ती ओळ पुसली. कोणाला सापडू नये म्हणून. शनिवारी शिंपले काढणाऱ्यांच्या संघाच्या सभेत दोन पुरुषांनी विचारलं, पान कोण बघतं, तेव्हा मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. तू म्हणालीस, "मी बघते. माझ्याच हातून बेरीज चुकली असेल." तुझ्याकडून संघाच्या कार्यालयाची किल्ली घेतली, पान तेवढं ठेवलं कारण ते दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं, तू परत दाताळं घेऊन चिखलात उतरलीस, आणि मी सोमवारची पहिली बस पकडली. तू मला काय म्हणालीस आठवतं? "थंडीचा कोट घेऊन जा." तुला माहीत होतं की नव्हतं हे मी सहा महिने स्वतःला विचारतोय. माहीत होतं ना? म्हणूनच फोन उचलत नाहीस.

हे सगळं मी तिथे बोललो, माझ्या निम्म्या शिव्यांच्या इंग्रजीत, आणि मी बोलत होतो तसं ते मागच्या भिंतीवर उमटत होतं. तुझ्या पानाच्या बाजूलाच. माझ्या नावाची आद्याक्षरं, पुढे दोन ठिपके, पुढे सगळं.

कितामुराबाई म्हणाल्या, "हे व्यक्तिगत आहे. नोंदीतून काढायचं का?"

मी म्हणालो, "नको, राहू दे."

मग हिल्डेगुनने चष्मा काढला. म्हणाली, "मी पंधरा वर्षं विचारतेय, वेळ कुठल्या गावची. ती कोणासाठी लिहिलीय हे मी विचारायला हवं होतं." आणि लगेच कामाला लागली, ती तशीच आहे. "पण मग अपवाद नको मला! अपवाद ठेवला तर आमारो वाट्टेल ते आत घुसवेल. नियमच बदलू. गाव लिहिलेलं नसेल तर वेळ वाचणाऱ्याच्या घड्याळाची. सगळ्यांनी. ग्रिनिचवाल्यांनीसुद्धा." मग दोन तास ग्रिनिचवाले ओरडले, मुंबईत लिहिलेली वेळ लिस्बनला वाचली तर काय, वगैरे, आणि तेही खोटं नाही. पण साडेपाचला कितामुराबाईंनी विचारलं, "कोणाचा विरोध?" आणि साठ माणसं गप्प! आमारोने माझ्या पाठीत अशी थाप मारली की अजून दुखतंय. माझी दुरुस्ती मागे घेतली, सोमवारी जाणार नाही. तुझे बारा वीस बारा वीसच राहतील. तपासणीसाठी जी पानं कायमची ठेवतात त्यांत तुझं पान घातलंय. तुला विचारून घालायला हवं होतं. या वेळी विचारतो: चालेल का? नको म्हणालीस तर काढतो.

रात्री सगळे वाइन प्यायला गेले, मीही गेलो, नाचलोसुद्धा. आज सकाळी उठून तुझं पान उघडलं, वेळा बदललेल्या होत्या, आणि एकदम लक्षात आलं. ओस्लोच्या आणि टोकियोच्या माणसांना माहीत आहे, दोरिंडामावशीला माहीत नाही. संघाला माहीत नाही. किल्ली अजून दुसऱ्याकडे आहे.

म्हणून नऊ वाजता टपालात गेलो आणि संघाच्या अध्यक्षांना नोंदणीने पत्र पाठवलं. मी कोणती ओळ घातली, कधी घातली, कधी पुसली, सभेत कसा गप्प बसलो, सगळं. खाली पूर्ण नाव आणि सही. पुढच्या आठवड्यातल्या रविवारच्या सभेत वाचावं असं लिहिलंय. मीही आदल्या दिवशीच्या, शनिवारच्या बसने येतोय, वाचताना समोर उभा राहीन. दोरिंडामावशीकडे त्याआधी जाईन, ती दार उघडेल तर.

तुला हे पत्र मी मुद्दाम त्याच्यानंतर लिहिलं. आधी लिहिलं असतं, तर तू म्हणाली असतीस, जाऊ दे, झालं ते झालं. आणि मी ऐकलं असतं.

तुला न विचारता तुझ्या पानात हात घातला तो,
शियान