चार बोटं

प्रिय भिंगरी,

तीन दिवसांतला हा चौथा कागद. आधीचे तीन ब्रश पुसण्यात गेले. मैदानाच्या कोठीत पांढऱ्या रंगाच्या पिंपावर बसून लिहितो आहे. जेवणाची सुट्टी आहे, पण डबा उघडलेला नाही. बसतो, उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो. तुझ्या पायाला भिंगरी म्हणून तुझं हे नाव पडलं. तीन दिवस ती माझ्या पायाला लागली आहे. तुझ्या निवडीबद्दलच सांगायचं आहे, पण सरळ मुद्द्यावर यायला मला कधी जमलंय? वळणं घेत येईन, तेवढं सांभाळून घे. शिबिरात फोन काढून घेतात ते एका परीनं बरंच. फोनवर तू हसायला लागलीस की मी मुद्दा सोडून भलतंच बोलत बसतो.

इथली हालहवाल ऐक. स्पर्धेला सव्वीस दिवस उरले. चौकात दिवस उलटे मोजणारं मोठं घड्याळ लावलंय, ते दोन दिवस पुढे आहे. सलूनवाले काका म्हणतात, चला, या कामात काहीतरी वेळेच्या पुढे आहे. गेल्या महिन्यापर्यंत त्यांच्या खुर्चीत बसायचीही सोय नव्हती, इतकं ते करवादत होते. फुटपाथ तिसऱ्यांदा उखडला. शाळेची भिंत पाहुणे येणार त्या बाजूनं रंगवली, मुलं येतात त्या बाजूला पोपडे तसेच. बसचा थांबा हलवला, पण कुठे हलवला ते बसवाल्यालाही ठाऊक नाही. सगळं जग इथे येणार आणि आपल्याला सांगणार, तुम्ही घरात बसून टीव्हीवर बघा, असं म्हणत ते माझ्या कानाशी कात्री नाचवायचे. याउलट औषधाच्या दुकानातल्या वहिनी. त्यांनी सहा भाषांत ‘डोकं दुखतंय का’ एवढं पाठ केलंय आणि डोकं दुखणाऱ्या पाहुण्याची वाट बघत बसल्यात. तुझी आई कुठल्याच पक्षात नाही. स्वयंसेवकांचे सदरे बाह्यांना लांब शिवून आले, त्यातले चारशे आखूड करायला तिच्याकडे आहेत.

पण खरी बोंब होती ती आमच्या मैदानाची. धावपट्टीच्या आतल्या कडेला बोटा-दोन बोटांच्या उंचीची अॅल्युमिनियमची पट्टी बसवतात, ती बाहेरून यायची होती आणि येतच नव्हती. वर्तमानपत्रांनी रिकाम्या कडेचे फोटो छापले. मग लोकांची तोंडं बंद करायला वरच्या साहेबांनी ठरवलं की निवड चाचणी इथेच, याच मैदानावर घ्यायची. घेतली. आणि तू धावलीस. दोन फेऱ्या, आणि ठरलेल्या वेळेच्या अकरा शतांश सेकंद आधी रेघ ओलांडलीस. बाकीच्या मुली वेळेच्या बाहेरच राहिल्या.

त्या दिवसानंतर इथली हवाच बदलली गं. थांब्यावर तुझा एवढा मोठा फोटो लागलाय की तो थांबा आता सगळ्यांना सापडतो. काकांनी आरशाच्या वर तुझं कात्रण चिकटवलंय आणि गिऱ्हाइकाची मान वळवून दाखवतात. आपलीच पोरगी, आपल्याच मैदानावर, मग स्पर्धा का नाही होणार झकास, असं विचारतात. फुटपाथचं नावसुद्धा काढत नाहीत. परवा माझ्याकडून त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी मान खाली घालून बसलो होतो, त्यांना वाटलं केस कापायला सोपं जावं म्हणून.

तुला आठवतं का, तू चार वर्षांची असताना मी शाळांच्या मैदानांवर चुन्याची गाडी ढकलत रेघा मारायचो आणि तू ओल्या रेघेवरून मागे मागे धावत यायचीस? घरभर पांढरी पावलं उमटायची. आई आपल्या दोघांनाही दाराबाहेर उभं करायची. माझ्या पोटापाण्याच्या धंद्याला तू रेघोट्या म्हणायचीस आणि मला रेघोट्याबाबा. एकदा तू विचारलंस, रेघ वाकडी झाली तर धावणाऱ्याला रागावतात का? मी म्हणालो, नाही, रेघ मारणाऱ्याला. तेव्हा छाती काढून म्हणालो होतो.

आता मुद्दा. कडेला पट्टी असली की पाय लागेल या भीतीनं धावणारा थोडा लांबून धावतो. नुसती रेघ असली की तो आत सरकतो, माझ्या जाड बोटांनी मोजलं तर चार बोटं. म्हणून आम्ही मोजतानाच तो फरक धरतो. मी पट्टी येणार असं धरून मोजलं होतं, ते बरोबरच होतं. पण चाचणीच्या दिवशी पट्टी नव्हती. वळणांवरची ती चार बोटं एका फेरीत दोन फूट खातात, दोन फेऱ्यांत चार; धाव तेवढी आखूड होते. उपाय पाच मिनिटांचा: सुरुवातीच्या रेघेच्या चार फूट मागे खडूची तात्पुरती रेघ मारायची. हे साहेबांना माहीत असायचं कारण नाही. हे ठाऊक असणारा तिथे एकच माणूस होता, आणि तो आईनं इस्त्री केलेली नवी पँट घालून प्रेक्षकांत बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा मला मैदानावर काम नको होतं, मला तुझा बाप होऊन बसायचं होतं. सकाळी साहेबांनी विचारलं, रेघा ठीक ना? मी म्हणालो, हो. खडू घरी कामाच्या पँटच्या खिशात होता.

गुरुवारी पट्टी आली, वरातीमागून घोडं. बसवल्यावर मी फेरी मोजली. चोख. साहेबांनी पाठ थोपटली आणि त्याच क्षणी ते चार फूट माझ्या डोक्यात शिरले. कोठीत येऊन गणित मांडलं. चार फूट धावायला तुला वीस शतांशांच्या आसपास लागतात. तू वाचली होतीस अकरानं.

आता मैदान निर्दोष आहे. कोणीही, कुठलीही टेप घेऊन आलं तरी काही सापडणार नाही. मी गप्प बसलो तर हे माझ्याबरोबर जाईल. तीन दिवस मी स्वतःशी भांडतोय. चार फूट म्हणजे काय, दाराच्या उंबऱ्यापासून चुलीपर्यंतसुद्धा नाहीत. तुझी तीन वर्षांची पहाटेची धाव त्या चार फुटांवर का तोलायची? मग थांब्यावर तुझा फोटो दिसतो आणि मी रस्ता बदलतो. चोराच्या मनात चांदणं. तुझ्या शेताला मीच कुंपण घातलं आणि त्या कुंपणानंच शेत खाल्लं. मला स्वतःची लाज वाटते, बाळा, आणि त्याहून जास्त तुझी भीती वाटते.

उद्या सकाळी दहा वाजता मी साहेबांना हे लिहून देणार आहे. तुझी वेळ रद्द होईल, फोटो उतरेल आणि काकांना पुन्हा फुटपाथ दिसायला लागेल. ते सगळं तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. ते घेऊन आई स्वतः आली आहे, वाचून होईपर्यंत फाटकाशी थांबेल. काल तिला सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, अजून एखादी चाचणी आहे का? आहे. नावं द्यायला बारा दिवस आहेत आणि पुढच्या मंगळवारी तुमच्याच शिबिराच्या मैदानावर शेवटची धाव आहे. तिथली पट्टी जुनी आहे, पण जागेवर आहे. मी चौकशी केली. हे ऐकून आईनं मशीनवर कापड झाकलं आणि पिशवी भरायला घेतली. तुला ती वेळ पुन्हा गाठता येईल की नाही ते मला माहीत नाही, उगाच धीर देत नाही. रागाव, माझ्याशी बोलू नकोस, तेही चालेल. पण मंगळवारी धाव. मी येणार आहे, कामाच्या पँटवर, खिशात खडू आणि टेप घेऊन. तू उठायच्या आत त्या मैदानाची फेरी मोजून ठेवीन. तुला माझं तोंड बघायचं नसेल, तर मोजून झाल्यावर बाहेर जाऊन उभा राहीन.

तुझाच,
रेघोट्याबाबा