बाबांच्या फोनमधलं दुसरं बोट

प्रिय दादा,

घडलं ते असं:

१. रविवारी बाबांचा फोन त्यांचं बोट ओळखेना.
२. चष्मा सापडेना, म्हणून पिनही टाकता येईना.
३. ते पुटपुटले, "ह्याला आता त्याचंच बोट लागतं." कुणाचं, असं विचारलं तर पाणी प्यायला उठले.

आईला विचारलं तर म्हणाली, "तुला सगळ्यात नाक खुपसायलाच हवं का?" म्हणजे तिलाही माहीत आहे.

फरशा बसवून बसवून बाबांच्या बोटांचे ठसे झिजलेत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. हॉस्पिटलच्या ॲपवर बाबांचे रिपोर्ट येतात, त्या खात्याचा पासवर्ड काढून पासकी मीच लावून दिली. तेव्हा त्यांना समजावलं होतं, की आता एक किल्ली तुमच्या फोनमध्ये आणि तिची जोडीदार हॉस्पिटलकडे. हॉस्पिटल दर वेळी नवं कोडं पाठवणार, फोन त्यावर आतल्या आत सही करणार. किल्ली फोनबाहेर जात नाही, त्यामुळे चोराला चोरायला काही उरतच नाही. बोट फक्त फोनला सांगतं, की सही कर. त्यांनी विचारलं होतं, "आणि बोट दुसऱ्याचं असलं तर?" मी म्हटलं, तुम्ही नोंदवलं असेल तर फोनला ते तुमचंच. पिन मलाही सांगू नका, असंही बजावलं. त्यांनी ते तंतोतंत पाळलं.

पासवर्ड होता तोवर त्यांचे रिपोर्ट मीच आधी वाचायचे. आता कुलूप मी लावलेलं आणि बाहेर मीच.

ते बोट तुझंच ना? दोन वर्षं तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोलताय. "त्याला सांग", "त्यांना सांग". परवासुद्धा तुझा निरोप मी शब्दशः पोचवला आणि बाबांनी तोंड वाकडं करून ऐकला. हे नाटक कशासाठी? तुम्ही भेटता याचा आनंद मानावा, की मला वगळल्याचा राग धरावा, मला ठरवता येत नाही. दोन्ही करून पाहिलं. हिशोब जुळत नाही, कारण आनंदाची गोष्ट कुणी माझ्यापासून लपवणार नाही.

शुक्रवारी बाबांना डॉक्टरांनी बोलावलंय. "साधी तपासणी आहे, तू ऑफिसला जा," असं आई आणि बाबा वेगवेगळ्या खोल्यांत, अगदी त्याच शब्दांत म्हणाले. रिपोर्टमध्ये काय आहे ते तू सांगणार नाहीस, त्यांनी तुला शपथ घातली असेल. सांगू नकोस. मी शुक्रवारी रजा काढू का, एवढंच गुरुवार संध्याकाळपर्यंत कळव.

तुझीच,
खडूस