सही केली, पण आठवत नाही

ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी उत्तर आज लिहितोय. रागावलीस तरी चालेल, पण आधी गुडघे शेकून घे, मग रागाव.

हँगरमध्ये आमची तीन माणसं कमी झालीत. दोघं दुसऱ्या कंपनीत गेले, तिसऱ्याची पाठ गेली. त्यांच्या जागी कोणी आलं नाही, म्हणून त्यांच्या पाळ्याही आम्हीच करतो. घरी निघायला पिशवी उचलली की सुपरवायझर येतो आणि म्हणतो, एवढं एक विमान तपासून जा. ते सोडलं की दुसरं उभंच असतं. मेमध्ये सुट्टी मिळेल असं वाटतं. तुझ्याकडे आलो की आठ दिवस नुसता झोपणार आहे.

काम कोणीही केलेलं असो, शेवटची सही माझी. ती झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तू ठोकायचीस, तशी सोय इथे नाही!

चिमणीनं घरातल्या सगळ्यांचं चित्र काढलं. त्यात मी झोपलेला आहे, बुटांसकट. तिची आई खूप हसली. मेमध्ये सुट्टी मिळेल असं वाटतं. तुझ्याकडे आलो की आठ दिवस नुसता झोपणार आहे.

तुझा लोभ आहेच, तो उशिरा उत्तर देणाऱ्यांवरही असू दे.

तुझा
धाकटा


ता. ११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

पत्र पोचलं. माझे गुडघे जिथल्या तिथे आहेत, कुरकुरतात पण चालवून नेतात. निवृत्त नर्सला शेजारीपाजारी सोडत नाहीत. कोणाचं ब्लडप्रेशर बघ, कोणाची पट्टी बदल, दिवस जातो.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. म्हटलं आपलाच चष्मा बदलायला झाला. पण नाही. सुट्टीच्या त्या दोन ओळी तू एकाच पानावर दोन वेळा लिहिल्या आहेस, अगदी शब्दाला शब्द, आणि तुला पत्ताच नाही. मला हसू आलं नाही. मी छत्तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, दमलेल्या माणसाचं अक्षर मला कळतं. सलग किती तास काम करतोस ते मला आकड्यात कळव. 'जरा जास्त' असं लिहिलंस तर मी गुडघ्यांसकट तिथे येईन.

चिमणीला पापा. तू मात्र आधी झोप, उत्तर नंतर दे. तुझ्यावरची माया काही उत्तराच्या टपालावर अडलेली नाही.

तुझी
ताई


ता. २० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आकडा विचारलास. साडेअठरा. रविवारी दुपारी कामाला लागलो, सोमवारी सकाळपर्यंत तेवढे तास भरले. पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही.

सोमवारी सकाळी मी एका विमानाचं डावीकडचं चाक बदललं. चाक आसावर चढवून मोठा नट आवळायचा, मग तो सैल होऊ नये म्हणून लहान बोल्ट लावायचे आणि ते पक्क्या तारेनं पीळ घालून बांधायचे. वर टोपी बसवली की तार दिसत नाही. सगळं उरकून सही केली आणि बस पकडली. चौथ्या थांब्यावर मी ते काम मनात पहिल्यापासून आठवून बघितलं. नट आवळलेला आठवत होता. तार बांधल्याचंही आठवत होतं, पण ती याच चाकाची की शनिवारच्या, ते सांगता येईना. त्या आठ दिवसांत तीन चाकं बदलली होती गं.

सुपरवायझरला फोन केला. तो म्हणाला, सही आहे तुझी, घरी जाऊन झोप. मी बसमधून उतरलो आणि रिक्षा करून परत गेलो. तोवर विमान धावपट्टीकडे निघालं होतं. मी थेट नियंत्रण कक्षात जाऊन सांगितलं की या विमानाच्या चाकाची मला खात्री नाही. वैमानिकानं एकही प्रश्न न विचारता विमान माघारी आणलं.

एकशे बेचाळीस माणसं खाली उतरली. टोपी काढली. ताई, तार होती. माझ्याच हातची, सुबक पिळाची, टोक आत वळवलेलं. सगळं चोख होतं.

जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तपासणी होईपर्यंत वैमानिकांचे कामाचे तास संपले आणि उड्डाणच रद्द झालं. उतरलेल्यांत एक बाई होत्या. त्यांची आई अत्यवस्थ होती. त्या कोणावर ओरडल्या नाहीत, जिन्याशी पिशवी धरून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी कळलं, त्या पोचायच्या आत आई गेली.

आता सगळे मला 'विसरभोळा' म्हणतात. मॅनेजर साहेबांनी प्रेमानं बसवून सांगितलं की चौकशीच्या जबाबात लिही, सर्दीच्या औषधाची गुंगी होती. पंधरा दिवस घरी बस, लायसन्सला धक्का लागणार नाही. साडेअठरा तास लिहिलेस तर पहिला तूच अडकशील, कारण तेवढे तास झाल्यावर सही करायलाच बंदी आहे, आणि सही तू केलीस. नियम खरंच तसा आहे. जबाब एक तारखेला द्यायचाय. घरी बायको म्हणते, तुम्हाला जे झेपेल ते करा. मला काहीच झेपत नाहीये.

लवकर लिही. तुझ्या शब्दाचा आधार लागतो.

धाकटा


ता. २५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नोकरीच्या नवव्या वर्षी माझी सलग तिसरी ड्यूटी होती. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाईंना इंजेक्शन दिलं की नाही, ते मला आठवेना. तक्त्यावर माझी खूण होती. मी खूण बघितली आणि पुढच्या खाटेकडे गेले. दुपारी त्या बाई धापा टाकायला लागल्या. इंजेक्शन दिलेलंच नव्हतं. खूण मी आधीच करून ठेवली होती, वेळ वाचावा म्हणून.

त्या वाचल्या. डॉक्टरांना वाटलं, आजारच बळावला. मी गप्प बसले. त्या बऱ्या होऊन जाताना माझा हात हातात घेऊन आभार मानून गेल्या. तो हात मी कितीतरी दिवस धूत होते.

तू बसमधून उतरलास. मी पुढच्या खाटेकडे गेले. आपल्या दोघांतला फरक एवढाच आहे, आणि तो लहान नाही. त्या बाईंच्या आईचं ओझं तुला वाहावं लागेल, ते मी हलकं करू शकत नाही. पण औषधाची गुंगी लिहिलीस, तर तुझ्या जागी उद्या जो अठरा तास उभा राहील, त्याला चौथ्या थांब्यावर काही आठवेलच असं नाही.

प्रगतिपुस्तकावरच्या माझ्या सह्या खोट्या होत्या, पण गुण तरी खरे होते. साहेब सही खरी ठेवून बाकीचं खोटं करायला सांगताहेत. ठरवायचं तुलाच आहे. काहीही केलंस तरी मी तुझीच बहीण राहीन.

ताई


ता. १९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

साडेअठरा लिहिले. त्याआधीच्या पाच आठवड्यांचे तासही लिहिले. माझं लायसन्स सहा महिन्यांसाठी काढून घेतलंय. सध्या भांडारात बसून सुटे भाग मोजतो. साहेब समोरून आले तर घड्याळ बघतात. चौकशीला बाहेरून अधिकारी आले आणि हजेरीची सगळी पुस्तकं घेऊन गेले. पुढे काय होईल, खरंच माहीत नाही.

ज्यांची आई गेली त्या बाईंनी कंपनीकडे तक्रार केली होती, म्हणून काल त्यांना सुनावणीला बोलावलं होतं. त्या सकाळच्या विमानानं आल्या. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, तार जागेवर होती ना? मी हो म्हणालो. मग थांबवलंत का, म्हणाल्या. मी म्हणालो, होती हे मला माहीत नव्हतं. त्यांनी टेबलावरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाल्या, तुम्हाला माफ करणं मला जमणार नाही. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

नंतर त्या अधिकाऱ्यांना एवढंच म्हणाल्या, चारच्या विमानानं मी परत जाणार आहे. ते ज्यानं तपासलंय त्याची झोप झालेली आहे का?  अधिकाऱ्यांनी हँगरला फोन लावला. नाव मिळालं, सहीची वेळ मिळाली. तो कामावर कधी आला, हे सांगायला पलीकडचा माणूस फार वेळ घेऊ लागला.

बाई उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि रेल्वे स्टेशनकडे जाणारा रस्ता कुठला, ते मला विचारलं. मी फाटकापर्यंत त्यांना सोडून आलो.

तुझी माया अशीच राहू दे, आज तिची फार गरज आहे.

तुझा
धाकटा