टॅन्सीचा पुढचा डावा पाय

३ फेब्रुवारी, मंगळवार

टॅन्सी आज लंगडली. पुढचा डावा पाय. झोपून उठल्यावर सहा-सात पावलं, मग सरळ चालायला लागली. नेमकं वेंडेलनं पाहिलं. माझी कॉफी अजून घशाखाली उतरली नव्हती आणि हा म्हणतो, "शाळेला कळव."

काय कळव त्या कुत्र्यांच्या शाळेला? फुटपाथवर बर्फ वितळायला मीठ ओततात, कुत्र्यांच्या पंजांची आग आग होते. पाय कोमट पाण्यानं धुतले, बोटांमधले केस कापले. संपलं.

बेचाळीस वर्षं संसार केला या माणसाबरोबर, आणि याला अजून कळत नाही कधी गप्प बसायचं.

१२ फेब्रुवारी

पुन्हा लंगडली. मीठ नव्हतं, दोन दिवस घरातच होतो.

वाढतं अंग आहे, अकरा महिन्यांची लॅब्राडोर. माझ्या धाकट्याचे गुडघे नाही दुखायचे तेराव्या वर्षी?

१३ फेब्रुवारी

काल वेंडेलशी भांडले, ते इथे लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल.

तो म्हणाला, "आर्लीन, कुत्री आपली नाही. शाळेची आहे."

मला सांगतो! पाच पिल्लं वाढवली मी त्या शाळेसाठी, ही सहावी. आठ आठवड्यांचं पिल्लू हातात देतात. सव्वा वर्ष आपण त्याला सांभाळायचं, बसमध्ये बसवायचं, दुकानात शांत बसायला लावायचं, जिन्याची भीती घालवायची. मग शाळेनं ते परत न्यायचं, शिकवायचं, आणि वाट दाखवायला अंध माणसाच्या हाती द्यायचं. परत पाठवताना मी दर वेळी आठवडाभर जेवले नाही. पण माझी पाचच्या पाच पास झाली. या जिल्ह्यात आहे का कुणी दुसरं?

"म्हणून तर," वेंडेल म्हणाला.

"म्हणून तर काय?"

"काही नाही."

हे त्याचं 'काही नाही'! भांडी अशी आपटली की कपाचा कान गेला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

लॉइडच्या दुकानात गेले होते. घोड्यांचं खाद्य, कुत्र्यांचं खाद्य सगळं असतं त्याच्याकडे. पायाचं सांगितलं तर त्यानं फळीवरून डबा काढला. सांध्यांची पूड, हिरव्या शिंपल्यांची. म्हणाला, "माझी म्हातारी कुत्री जिना चढायला लागली यावर."

"ही म्हातारी नाही, वर्षाचीही नाही."

"मग आणखीच बरं. लवकर सुरू केलेलं चांगलं."

निदान एक तरी माणूस धड बोलला.

जेवणात एक चमचा. वास असा की ओहोटीला किनाऱ्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं. टॅन्सीनं भांडं चाटून भिंतीपर्यंत ढकलत नेलं.

शाळेचा नियम आहे, त्यांच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय खाण्यात काही घालायचं नाही. माहीत आहे मला. पूड आहे, विष नाही.

२७ फेब्रुवारी

शाळेचा महिन्याचा अर्ज भरला. वजन, कान, दात, वागणूक. "लंगडणं दिसलं का?" – नाही.

पूड सुरू केल्यापासून अकरा दिवस दिसलेलं नाही. मग खोटं काय त्यात?

वेंडेल खांद्यावरून वाचत होता. कोट घातला आणि आधीच साफ केलेला रस्ता पुन्हा झाडत बसला.

११ मार्च

लंगडली. खारीमागे धावली म्हणून. पूड दीड चमचा केली.

१२ मार्च

बरी आहे.

३० मार्च, सोमवार

मार्चच्या अर्जातही 'नाही'च लिहिलं. आता फेब्रुवारीत नाही म्हटल्यावर मार्चमध्ये हो कसं म्हणायचं?

वेंडेल माझ्याशी हवापाण्याचं तेवढं बोलतो. बोलू दे. मला त्याचा राग येतो, पण तो चुकतो म्हणून नाही. त्या कुत्रीकडे बघून हळूच उसासा टाकतो म्हणून येतो.

१५ एप्रिल, बुधवार

आज मॉलमध्ये सगळ्या पिल्लांची फेरी होती. ब्रियान घेते ती. शाळेकडून आमच्यावर लक्ष ठेवायला नेमलेली पोरगी. सव्वीस वर्षांची. मी सत्तावीस वर्षं मुलांच्या शाळेची बस चालवली, सुरू केली तेव्हा ही जन्मायची होती.

टॅन्सी सरकत्या जिन्याशी छान थांबली, लहान पोरं अंगावर आली तरी हलली नाही. मग आम्ही अर्धा तास बाकावर बसलो. उठलो आणि सगळ्यांसमोर ती लंगडली. या वेळी सहा-सात पावलं नव्हती. पार गाडीपर्यंत.

ब्रियान गुडघ्यावर बसली, पाय हातात घेऊन वाकवला. टॅन्सीनं तोंड फिरवलं. "आर्लीन, हे कधीपासून आहे?"

"आजच."

ती टॅन्सीच्या तोंडाजवळ वाकली. मग म्हणाली, "हिच्या तोंडाला मासळीचा वास येतोय. काही देताय का तुम्ही?"

पुडीचं सांगितलं. कशासाठी देते, ते तिनं विचारलं. सांध्यांसाठी म्हणून, असंच, म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "पुडीनं सांधा सुधारत नाही, आर्लीन. फार तर आपल्याला काहीतरी केल्यासारखं वाटतं."

ती कोण मला शिकवणारी? एक पिल्लू वाढवलंय का तिनं आयुष्यात?

२२ एप्रिल

पायांचे एक्स-रे फोटो काढले. डाव्या कोपराच्या सांध्यात हाडाची कपची सुटली आहे. उजव्यातही थोडी सुरुवात.

डॉक्टर म्हणाले, धावण्यानं नाही, बर्फानं नाही. जन्मतःच वळण तसं असतं, रक्तातून येतं. ऑपरेशन करू. सांधा थोडा घासला गेलाय, आधी कळलं असतं तर कमी घासला असता. पुढे वजन वाढू द्यायचं नाही, उड्या नाहीत. "पूड द्यायची तर द्या, तिनं बिघडणार नाही. पण तिच्यावर विसंबू नका."

वाटाड्या कुत्री ती कधीच होणार नाही.

ब्रियाननं डॉक्टरांसमोर विचारलं, "आधी कधी दिसलं होतं?" वेंडेल दाराशी उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तीन फेब्रुवारीला."

सगळ्यांसमोर! नवरा माझा!

२३ एप्रिल

"तू मला उघडं पाडलंस," म्हटलं.

"कुत्रीला दुखत होतं," तो म्हणाला. "ती सांगू शकत नव्हती. मी सांगू शकत होतो, आणि अडीच महिने सांगितलं नाही. मला माझाच राग येतोय, आर्लीन. तुझा यायला अजून जागाच मिळालेली नाही."

शिव्या दिल्या. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

६ मे

ऑपरेशन झालं. शाळेचं पत्र आलं. टॅन्सीला कामातून काढलं आहे. वाढवणाऱ्याला ठेवायची असेल तर पहिला हक्क त्याचा.

बक्षीस दिल्यासारखं लिहिलंय. मला घरात बसून राहणारी कुत्री नको होती. मी वाट दाखवणारी कुत्री वाढवते! पत्र चुरगाळलं. मग सरळ करून सही केली, कारण ती टाके घातलेला पाय माझ्या चपलेवर ठेवून झोपली होती आणि मला उठता येत नव्हतं.

पुढचं पिल्लू मला मिळणार नाही, हे ब्रियाननं लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती. तिच्यावरचा राग जात नाही. वासावरून पकडलंन मला, कुत्र्यासारखं.

१९ मे

अंगणात दहा मिनिटं चालली. दोरीवर. सरळ.

२७ मे, बुधवार

ब्रियानचा फोन. टॅन्सीच्या सगळ्या भावंडांना सांध्यांचे फोटो काढायला बोलावत आहेत, दोन जणांत तेच निघालं आहे.

मग म्हणाली, तुम्हाला दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. टॅन्सीच्या आईला पुन्हा पिल्लं होऊ द्यायची की नाही, हे मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठरलं. आधीच्या पिल्लांचे फेब्रुवारीचे अर्ज समोर ठेवून. नर तोच, टॅन्सीचा बाप. गेल्या बुधवारी व्याली.

आठ पिल्लं आहेत. आवाज चढवला नाही तिनं. सगळी गुटगुटीत आहेत, म्हणाली.

टॅन्सीही होती.