पहिलं नाव कुणाचं

३ जून, मंगळवार
नजमा महिनाभराच्या 'ब्रेक'वरून परत आली. सात महिने भरले की कंपनी घरी बसवते, मग पुन्हा नवीन म्हणून घेते. म्हणजे पर्मनंट करायला नको. मंदाताईंचे असे अकरा ब्रेक झालेत. वायरिंगच्या लाइनवर सगळ्यांना त्यांनीच शिकवलं, कार्डावर मात्र अजून 'नवीन कामगार'.
जेवणाच्या सुट्टीत म्हटलं, युनियन करू. हसल्या सगळ्या. नजमा : "करो मॅडम. बी.ए. करके भी वायरच जोडरी तू."
पण कुणी नाही म्हणालं नाही.

५ जून
अर्ज मी लिहिला. सात सह्या हव्यात. सातजणी तयार, पण पहिली सही कुणीच करेना. साहेब पहिल्या नावालाच धरतात म्हणे. शेवटी डब्याचं झाकण ठेवून कागदावर गोल काढला, सह्या गोलावर घेतल्या. ना पहिली, ना शेवटची. स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

९ जून
मंदाताईंना घेऊन कामगार कार्यालयात गेले. तिथले क्लार्क कागद फिरवून फिरवून बघत होते. "ही रांगोळी कुणी काढली? ताई, फॉर्मात रकाने आहेत. एक ते सात."
बाहेर येऊन मंदाताई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.
मी सुचवलं, नोकरीच्या वर्षांप्रमाणे नावं लावू. मंदाताई एक. मी सात.
"लाव की. लई झालं तर बाराव्यांदा घरी बसवतील."

१० जून
एचआर सरांनी बोलावलं. पर्मनंटची एक जागा आहे, ग्रॅज्युएट म्हणून माझं नाव. पत्र सोमवारी. युनियनचा शब्द काढला नाही. माहीत नसेल. किंवा...
सोयगावला घरी फोन केला. बाबा : "पर्मनंट व्हय? रविवारी विहारात पेढे वाटतो."

११ जून
'वर्षांप्रमाणे' हे मी न्यायाचं म्हणून बोलले. पण सातवी जागा मला येते, हे बोलण्याआधीच दिसलं होतं. लिहून ठेवते. विसरायला फार सोपं आहे.
मंदाताईंना पत्राचं सांगितलं. हातातली वायर जोडून झाल्यावर बोलल्या. "मग घे की. येडी हायस का? घरात पहिली शिकलेली तू."
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ जून
नवा फॉर्म. एक नंबरला माझं नाव घातलं. कुणाला विचारलं नाही. मंदाताईंनी दोनवर सही केली, ती इतकी दाबून की कागद जरा फाटला. अर्ज दिला. पोच मिळाली.

१५ जून
बाबांनी पेढे वाटले. थांबवायला हवं होतं. फोन हातात घेतला, मग आईशी भलतंच बोलत बसले.

१६ जून, सोमवार
सरांच्या टेबलावर दोन कागद. माझं पत्र, आणि आमच्या अर्जाची प्रत. "तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगितलंत तर बाकीच्या अर्ज मागे घेतील. उद्या दहाला सांगा."
मी म्हटलं, सातही जणी येऊ.
"केबिनमध्ये खुर्ची एकच आहे."
लाइनवर येऊन सगळं सांगितलं, पत्राचंसुद्धा. सगळ्या खाली मान घालून वायरी जोडत राहिल्या. मग नजमा म्हणाली, "खडे रहेंगे ना. रोज कौन-से सोफे पे बैठते हम?"
दोघी हसल्या. बाकीच्यांचं कळलं नाही.